२०० एमबीपीएसची जोडणी, मिवानच्या भिंती आणि सवलतीतले तीन राउटर: कोणता घ्यावा?

रहाटणीकर

नमस्कार मंडळी. आमची सदनिका पिंपरी-चिंचवडमधील एका नव्या इमारतीत आहे. दिवाणखाना, मधली खोली आणि शेवटची खोली अशी तिची लांबट रचना असून फायबरचा डबा कंपनीच्या माणसाने मुख्य दाराजवळ, चपलांच्या कपाटावर बसवलेला आहे. योजना २०० एमबीपीएसची आहे. दिवाणखान्यात सारे सुरळीत चालते. मात्र शेवटच्या खोलीत माझी पत्नी घरून काम करते आणि तिथे व्हिडिओ मीटिंग वारंवार अडकते. कंपनीच्या डब्यातच वायफाय आहे, परंतु ते केवळ २.४ गिगाहर्ट्झचे आहे.

सध्या सणाच्या सवलती सुरू असल्याने तीन राउटर डोळ्यांसमोर आहेत. पहिला एसी १२०० प्रकारचा, म्हणजे वायफाय ५ चा, चार अँटेनांचा, छापील किमतीवर ६० टक्क्यांहून अधिक सूट देऊन सुमारे १,२०० रुपयांना मिळतो. दुसरा एएक्स १५००, म्हणजे वायफाय ६ चा, सुमारे २,४०० रुपयांना आहे. तिसरा एएक्स ३००० असून तो नूतनीकृत, म्हणजे रिफर्बिश्ड मालातला आहे आणि दुसऱ्यापेक्षा जेमतेम ३०० रुपयांनी महाग आहे. घरात चार फोन, दोन लॅपटॉप, एक टीव्ही, दारावरचा कॅमेरा आणि दोन स्मार्ट प्लग एवढी उपकरणे आहेत. आकड्यांकडे पाहिले तर तिसरा सर्वांत फायद्याचा वाटतो, पण नूतनीकृत वस्तूबद्दल मन साशंक आहे. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

तारजोडणी

तिन्हींपैकी एक निवडण्याआधी आपल्याला खरोखर राउटरची उणीव भासते आहे की आणखी कशाची, हे पाहून घ्यावे. त्यासाठी लॅपटॉप फायबरच्या डब्याला लॅन केबलने थेट जोडून, लॅपटॉपचे वायफाय बंद ठेवून वेग मोजावा. तारेवरच २०० मिळत नसतील, तर कोणताही राउटर ते वायफायवर आणून देणार नाही.

आता खोक्यावरच्या आकड्यांविषयी. एसी १२०० म्हणजे १,२०० चा वेग नव्हे, २.४ गिगाहर्ट्झवरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७ यांची ती बेरीज असून ती वर गोल केलेली आहे. एएक्स १५०० मध्ये ३०० आणि १,२०१, तर एएक्स ३००० मध्ये ५७४ आणि २,४०२ अशी फोड असते. कोणताही फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, त्यामुळे ही बेरीज कुठल्याच एका उपकरणाला मिळत नाही. शिवाय हे आकडे हवेतल्या जोडणीचे कमाल दर आहेत आणि प्रत्यक्ष हाती येणारा वेग चांगल्या परिस्थितीतही त्याच्या निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंतच असतो. २,४०२ हा आकडा तर १६० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनल वापरल्यावरचा आहे, आणि बहुतेक फोन ८० मेगाहर्ट्झच्या पुढे जात नाहीत, म्हणजे त्यांच्यापुरता एएक्स ३००० आणि एएक्स १५०० यांचा ५ गिगाहर्ट्झवरचा वेग सारखाच ठरतो.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट खोक्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत असते, ती म्हणजे पोर्ट, म्हणजे तारा लावायच्या जागा. एसी १२०० नावाखाली विकल्या जाणाऱ्या स्वस्त राउटरांपैकी पुष्कळांना १०/१०० चे पोर्ट असतात. टीपी-लिंकचेच उदाहरण घ्यायचे तर आर्चर सी ५० आणि आर्चर सी ६ हे दोन्ही एसी १२०० वर्गातले आहेत, पण सी ५० चे सर्व पोर्ट १०० एमबीपीएसचे आहेत आणि सी ६ चे गिगाबिट, म्हणजे १,००० एमबीपीएसचे. शंभराच्या पोर्टमधून प्रत्यक्षात ९४-९५ एमबीपीएसच्या वर काही जात नाही. म्हणजे हवेत ८६७ ची जाहिरात करणाऱ्या त्या राउटरमध्ये इंटरनेट आत येते तेच मुळी शंभराच्या दाराने, आणि आपण २०० चे पैसे भरत असाल तर त्यातले निम्मे दाराशीच राहतात. आपल्या यादीतला १,२०० रुपयांचा राउटर मला याच कारणाने संशयास्पद वाटतो. तपशिलाच्या पानावर वॅन पोर्टपुढे, म्हणजे इंटरनेटची तार लागते त्या पोर्टपुढे, नेमके काय लिहिले आहे ते पाहून येथे सांगावे.

अँटेना मोजू नयेत. दोन पट्ट्यांना दोन-दोन अशा चार अँटेना साध्या राउटरलाही असतात, आणि प्रक्षेपणाच्या शक्तीवर सरकारी मर्यादा असल्याने आठ काड्या लावल्या म्हणून संकेत भिंतीपलीकडे दुप्पट जोमाने जात नाही.

रहाटणीकर

तारजोडणी, विस्तृत उत्तराबद्दल आभार. १,२०० रुपयांच्या राउटरच्या तपशिलात वॅनपुढे ‘१०/१०० एमबीपीएस’ असेच लिहिलेले आहे. उरलेल्या दोघांचे पोर्ट गिगाबिट आहेत.

केबल लावून वेग मोजला तेव्हा निराळेच कोडे समोर आले. डब्याला थेट जोडूनही ९४ च्या वर आकडा जात नाही, आणि लॅपटॉपमध्ये जोडणीचा वेग १००/१०० असा दिसतो. कंपनीकडे तक्रार केली असता ‘आमच्याकडून २०० बरोबर येत आहेत’ एवढेच उत्तर मिळाले. मग माझी योजनाच चुकीची लावली आहे काय?

तारजोडणी

९४ हा आकडा योजनेचा नसून शंभराच्या जोडणीचा आहे. दोन गोष्टी तपासाव्यात.

पहिली, डब्यावरचे पोर्ट. फायबरच्या अनेक डब्यांवर एकच पोर्ट गिगाबिट असतो आणि बाकीचे शंभराचे असतात. गिगाबिटच्या पोर्टखाली ‘जीई’ आणि इतरांखाली ‘एफई’ अशी अक्षरे असतात, किंवा फक्त पहिल्या लॅनचा रंग वेगळा असतो. केबल जीईच्या पोर्टमध्येच हवी.

दुसरी, खुद्द केबल. तिच्या टोकाचा पारदर्शक जॅक उजेडात धरून आत किती तारा पोचल्या आहेत त्या पाहाव्यात. शंभराच्या वेगाला १, २, ३ आणि ६ या चारच पिना पुरतात, त्यामुळे घाईत काम करणारी माणसे चारच तारा दाबून मोकळी होतात आणि उरलेल्या चार मागेच कापून टाकतात. दिवा लागतो, इंटरनेट चालते, कोणाला शंका येत नाही. गिगाबिटला मात्र आठही तारा लागतात आणि त्या उरलेल्या चारांतली एखादी जरी नीट बसली नसेल, तरी दोन्ही बाजूची उपकरणे मुकाट्याने शंभरावर उतरतात.

रहाटणीकर

जॅकमध्ये खरोखरच चार तारा आहेत: केशरी, केशरी-पांढरी, हिरवी आणि हिरवी-पांढरी. निळ्या आणि तपकिरी जोडीचे कापलेले तुकडे आवरणाच्या तोंडाशी दिसत आहेत. शेजाऱ्यांकडून कंपनीत तयार झालेली कॅट ६ ची छोटी केबल आणून जीईच्या पोर्टला लावली, तर वेग २०७ आला. शेवटच्या खोलीतील अडचण अर्थातच यामुळे सुटलेली नाही, कारण तिथे सारे वायफायवर चालते.

कौलारू

शेवटच्या खोलीचा प्रश्न भिंतींचा आहे. आपल्या इमारतीचे बांधकाम मिवान पद्धतीचे असेल, तर तिथे विटांच्या भिंती जवळपास नसतातच; ॲल्युमिनियमचे साचे लावून आतल्या भिंतीही सळयांच्या जाळीसकट काँक्रीटमध्ये ओतलेल्या असतात. विटेची चार इंची भिंत वायफायला जेवढी आड येते त्याहून ही भिंत बरीच अधिक येते, आणि ५ गिगाहर्ट्झला तर अशा दोन भिंती ओलांडणे फार अवघड जाते. आमच्याकडे रत्नागिरीला जांभ्याच्या जाड भिंती आहेत, त्यामुळे हे दुखणे मला परिचयाचे आहे: राउटर कितीही भारी आणला, तरी दोन जांभ्यांपलीकडच्या खोलीत तो साध्या राउटरपेक्षा थोडाच उजवा ठरतो.

म्हणून माझा सल्ला असा की, अधिक आकड्याच्या राउटरवर पैसे घालण्याऐवजी राउटर योग्य जागी नेण्यावर घालावेत. दाराजवळच्या डब्यापासून मधल्या खोलीपर्यंत, शक्य असल्यास थेट शेवटच्या खोलीपर्यंत, एक कॅट ६ केबल ओढून घ्यावी. नव्या इमारतीत टीव्हीच्या आणि टेलिफोनच्या तारांसाठी भिंतीतून पाइप टाकलेला असतो आणि आजकाल तो बहुधा रिकामाच पडून असतो. वायरमनकडे तार ओढायची स्प्रिंग असते. त्याला दिवाणखान्यातला आणि शेवटच्या खोलीतला टीव्हीचा बोर्ड उघडून पाहायला सांगावे. लॅन केबल विजेच्या तारांच्या पाइपमधून मात्र नेऊ नये. केबल घेताना ती शुद्ध तांब्याची आहे याची खात्री करावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल बाजारात सर्रास ‘कॅट ६’ म्हणून विकली जाते, ती वाकवली की तुटते आणि जॅकमध्ये नीट दबत नाही. कॅट ५ ई सुद्धा १०० मीटरपर्यंत गिगाबिट वाहून नेते, त्यामुळे घरापुरते वरच्या दर्जाच्या मागे लागण्याचे कारण नाही.

केबल निघाली तर राउटर शेवटच्या खोलीत किंवा तिच्या दाराशी, छातीच्या उंचीवर, उघड्यावर ठेवावा. लोखंडी कपाटावर, आरशामागे किंवा टीव्हीच्या पाठीशी ठेवू नये. दिवाणखान्याला कंपनीच्या डब्याचे वायफाय आताही पुरतेच आहे, ते चालू राहू द्यावे.

केबल टाकणे मुळीच शक्य नसेल तर जाळीचा, म्हणजे मेशचा संच घ्यावा लागेल, पण त्याचा दुसरा नगही पहिल्याशी वायफायनेच बोलतो आणि त्याच काँक्रीटमधून बोलतो, हे लक्षात असू द्यावे. स्वस्तातला रिपीटर तर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि त्याच पट्ट्यावर पुढे सांगतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो.

पाटी-पेन्सिल

कौलारू यांच्या मताशी सहमत आहे. नूतनीकृत राउटरविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

राउटरमध्ये झिजणारे भाग फारसे नसतात. बिघडला तर बहुधा ॲडॉप्टर बिघडतो. त्यामुळे नूतनीकृत असणे हा यंत्र म्हणून मोठा दोष नाही. खरी चौकशी करायची ती त्या मॉडेलला कंपनी अजून सुरक्षेचे अपडेट देते का, याची. राउटर हा घरातला बाहेरच्या जगाला सतत तोंड देणारा संगणक आहे आणि तो जुना झाला तरी चालत राहतो, हीच त्यातली गोम आहे. २०१८ च्या मे महिन्यात व्हीपीएनफिल्टर नावाचा घातक प्रोग्राम उघडकीस आला, तेव्हा ५४ देशांत मिळून सुमारे ५ लाख उपकरणे बाधित असल्याचा अंदाज होता आणि त्यांत मुख्यतः घरातले व छोट्या कार्यालयांतले राउटर होते. मोठ्या सवलतीत निघणारा माल अनेकदा कंपनी ज्याचे उत्पादन थांबवत आहे असा असतो. ते गैर नाही, परंतु अपडेट किती काळ मिळत राहतील हे तपासल्याशिवाय ती सूट खरी किती आहे हे कळत नाही.

तपासण्याची रीत अशी. मॉडेलच्या नावासोबत त्याची हार्डवेअर आवृत्ती पाहावी. ती राउटरच्या तळाच्या लेबलवर ‘व्ही २’, ‘व्ही ३.२’ अशी लिहिलेली असते. एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांत चिप निराळी, मेमरी निराळी आणि अपडेटची फाइलही निराळी असू शकते. मग उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्याच आवृत्तीच्या शेवटच्या फर्मवेअरची, म्हणजे राउटरच्या आतल्या प्रोग्रामची, तारीख पाहावी. ती दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल, तर तो राउटर घरात आणू नये. डब्ल्यूपीए ३, म्हणजे वायफायच्या सुरक्षेचे नवे मानक, आहे का तेही पाहावे. वायफाय ६ चे अधिकृत प्रमाणपत्र मिळवायचे तर ते असावेच लागते, जुन्या एसी राउटरांत मात्र कित्येकदा नसते.

नूतनीकृत नग घेतलाच तर त्यावर हमी कोणाची आहे, उत्पादकाची की विक्रेत्याची, हे बिलावर यायला हवे, आणि अनुक्रमांकासह जीएसटीचे पक्के बिल हवे. परदेशासाठी बनवलेला माल आहे का तेही पाहावे, कारण अशा राउटरमध्ये देशानुसार चॅनल निराळे असतात. हाती आल्यावर तो प्रथम मागच्या छोट्या छिद्रातून पिन दाबून मूळ स्थितीत आणावा, फर्मवेअर चढवावे आणि प्रशासनाचा पासवर्ड बदलावा. एवढे करूनच तो इंटरनेटला जोडावा. फर्मवेअरची फाइल लॅपटॉपवर उतरवून केबलने चढवता येते.

एक भर तारजोडणी यांच्या मुद्द्यात. वायफाय ५ हे मानक केवळ ५ गिगाहर्ट्झपुरते आहे, त्यामुळे एसी राउटरचा २.४ चा पट्टा २००९ च्या ८०२.११ एन मानकावरच चालतो. गंमत अशी की एएक्स १५०० वर्गातल्या काही राउटरांचीही हीच कथा असते: खोक्यावर मोठ्या अक्षरांत वायफाय ६, पण २.४ पुढे ३०० लिहिलेले, म्हणजे तो पट्टा जुनाच. ५७४ लिहिले असेल तर तिथेही वायफाय ६ आहे. दारावरचा कॅमेरा आणि स्मार्ट प्लग हे बहुधा २.४ वरच चालतात, तेव्हा त्यांच्यापुरता फरक पडत नाही. लॅपटॉप मात्र ५ वरच ठेवावा. ५ गिगाहर्ट्झच्या वापराचे नियम आपल्याकडे २०१८ मध्ये बरेच सैल झाले आणि शेजाऱ्यांची गर्दी तिथे अजूनही २.४ पेक्षा कमी असते. २.४ वर एकमेकांवर न चढणारे चॅनल १, ६ आणि ११ हे तीनच आहेत, आणि आपल्यासारख्या मोठ्या सोसायटीत त्या तिघांवर मिळून किती राउटर ओरडत असतील याची कल्पना करावी.

निफाडचा वाचक

विजेचा मुद्दा राहिला. वीज गेल्यावरही मीटिंग चालू राहावी अशी अपेक्षा असेल, तर राउटर घेतानाच त्याच्या ॲडॉप्टरवरचे आकडे पाहावेत. राउटरसाठी जो छोटा यूपीएस मिळतो तो बहुधा १२ व्होल्टचा असतो. एएक्स वर्गातल्या राउटरला १२ व्होल्ट आणि १ ते २ अँपिअर लागू शकतात, काही छोटे राउटर ९ व्होल्टचे असतात. ९ च्या राउटरला १२ ची पिन बसली तरी लावू नये. फायबरचा डबा आणि राउटर वेगळ्या खोल्यांत असतील तर यूपीएसही दोन लागतील, कारण एक यंत्र चालू आणि दुसरे बंद असे झाले तर उपयोग नाही. घराला इन्व्हर्टर असेल तर हे सोडून द्यावे.

रहाटणीकर

सर्वांचे आभार. सोसायटीत जनरेटर आहे, पण तो सुरू होईपर्यंतच्या वेळेसाठी यूपीएसचा विचार करतो. वायरमनने आज पाहणी केली. टीव्हीचा पाइप दिवाणखान्यापासून शेवटच्या खोलीपर्यंत मोकळा आहे, आणि दारापासून दिवाणखान्याच्या बोर्डापर्यंत केबल स्कर्टिंगलगत पट्टीतून नेता येईल.

एएक्स ३००० च्या विक्रेत्याला हार्डवेअर आवृत्ती विचारली, तर ‘नग हातात आल्यावर कळेल’ असे उत्तर आले. त्यामुळे तो पर्याय मी सोडला. एएक्स १५०० च्या नव्या नगाचे शेवटचे फर्मवेअर याच वर्षीचे आहे, २.४ पुढे ३०० आहे, ते चालेल. आता एक शेवटची शंका: तो जोडताना राउटर म्हणून जोडावा, ॲक्सेस पॉइंट म्हणून जोडावा, की कंपनीचा डबा ब्रिज मोडला टाकून घ्यावा?

तारजोडणी

आपल्या रचनेत ॲक्सेस पॉइंट मोड योग्य. राउटर म्हणून जोडला तर घरात दोन वेगळी जाळी तयार होतील, उपकरणांच्या इंटरनेट पत्त्यांची अदलाबदल दोनदा होईल, आणि दिवाणखान्यातल्या टीव्हीला शेवटच्या खोलीतला लॅपटॉप दिसणार नाही. ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये पत्ते वाटण्याचे काम एकट्या कंपनीच्या डब्याकडे राहते आणि नवा राउटर फक्त तारेचे वायफाय करतो. बहुतेक नव्या राउटरांत हा मोड एका बटणावर असतो; खरेदीपूर्वी आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत त्याचा उल्लेख आहे ना, ते पाहून घ्यावे.

ब्रिज मोड, म्हणजे डब्याने इंटरनेट फक्त पुढे द्यायचे आणि राउटरचे सारे काम आपल्या राउटरने करायचे, तेव्हाच घ्यावा, जेव्हा कंपनीचा डबा फारच दुबळा असेल किंवा आपल्याला बाहेरून घरातल्या एखाद्या उपकरणापर्यंत पोचायचे असेल. त्यासाठी पीपीपीओईचे, म्हणजे कंपनीच्या जाळ्यात लॉगिन करण्याचे, वापरकर्ता नाव आणि पासवर्ड कंपनीकडून मागावे लागतात, काही ठिकाणी व्हीलॅनचा, म्हणजे कंपनीच्या जाळ्यातल्या विभागाचा, क्रमांकही लागतो, आणि स्थानिक केबलवाल्यांकडे जोडणी बहुधा मॅक पत्त्याला, म्हणजे उपकरणाच्या ओळख क्रमांकाला, बांधलेली असते, त्यामुळे नवा राउटर लावल्यावर त्यांना फोन करून ती मोकळी करून घ्यावी लागते. शिवाय तसे केले की डब्याचे वायफाय बहुधा बंद होते आणि दिवाणखान्यासाठी आपल्याला आणखी एक यंत्र घ्यावे लागेल.

दोन्ही वायफायला नाव आणि पासवर्ड एकच द्यावा, म्हणजे फोन खोली बदलताना स्वतःहून बदलेल. २.४ चे चॅनल हाताने लावावेत, डब्याला १ आणि नव्या राउटरला ११. लॅपटॉप शेवटच्या खोलीत टेबलावरच राहत असेल, तर राउटरच्या एका मोकळ्या लॅन पोर्टमधून त्याला तारेनेच जोडून टाकावे. आणि वायरमनने जॅक दाबल्यावर आठही तारा आत गेल्या आहेत की नाहीत, ते तो जायच्या आधी उजेडात धरून पाहावे.